आजीची फणेरपेटी (आत आरसा असलेली लाकडी शृंगारपेटी) आणि पितळी पानडबा वापरायचा की शोकेसमध्ये ठेवायचा?

वापरा की हो, बिनधास्त! फणेरपेटीत बांगड्या, टिकल्या, हेअरपिना मस्त मावतात, आतला आरसा डागाळला असला तरी बदलू नका, तो मूळचा आहे तोवरच पेटीला मजा. फक्त आपल्या बेळगावचा पावसाळा लई बेकार, लाकूड फुगतं, झाकण अडकतं, बुरशी धरते, म्हणून भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि उघडीप मिळाली की झाकण उघडून सावलीत हवा द्या, कडक उन्हात लाकूड तडकतं. पानडबा चिंचेनं घासून लखलखीत करू नका, नक्षीच्या खाचांतला काळसरपणा गेला की काम सपाट दिसतं. कल्हई नसेल तर आत आंबट काही नको, सुपारी चालेल. आणि सावंतवाडीची लाखकामाची पेटी असली तर तिच्यावर गरम चहाचा कप कधीच नको, लाख मऊ होते.