पुण्याहून दुबईला आलोय. एप्रिलमध्ये बाल्कनीत टोमॅटो लावला. फुलं येतात, पण गळून जातात. खत कमी पडतंय का?

खताचा संबंध नाही. तुम्ही पंचांग पुण्याचं वापरताय, एवढंच. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा हटत नसेल, तर टोमॅटोचे पराग निकामी होतात, फळ धरतच नाही. मी नऊ वर्षं तिकडे काढून आता कोथरूडला परतलोय; पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं आणि वर खताचा मारा करून झाडं जाळली होती.

तिकडचा भाजीचा हंगाम म्हणजे आपला रब्बी. मृग विसरा, दसरा धरा. सप्टेंबरच्या अखेरीस बी घरात रुजवायचं, दसऱ्याच्या सुमारास रोपं बाहेर काढायची. टोमॅटो, मेथी, पालक, कोबी सगळं मार्चपर्यंत छान येतं. उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी तग धरतात, पण दुपारी त्यांनाही हिरवी जाळी हवीच.

उन्हापेक्षा मला जास्त छळलं ते खारानं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजा, माती खारावली. पुण्यात ७०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो कुंड्या फुकटात धुऊन देतो. तिकडे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर, म्हणजे धुण्याचं काम आपलंच. दोन-तीन आठवड्यांनी खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं घालायचं आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. एसीच्या नळीचं पाणी बादलीत धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आणि जुलैत नळाचं पाणी थेट झाडांना घालू नका! गच्चीवरच्या टाकीतून ते चटका बसेल इतकं गरम येतं. आम्ही उन्हाळाभर गिझर बंद ठेवायचो आणि त्याच्या टाकीतलं, घरात निवलेलं पाणी वापरायचो. गार पाण्यासाठी गिझरचा नळ सोडायचा, हे आईला फोनवर पटवायला मला दोन उन्हाळे लागले.

फळांत अंजीर लावा. आपल्या पुरंदरचंच फळ, मोठ्या ड्रममध्ये चांगलं येतं. लिंबूही चालेल. खजुराच्या नादी बाल्कनीत लागू नका. नर-मादी झाडं वेगळी, शिवाय पसारा केवढा.

आत्ताचे टोमॅटो छाटून, सावलीत जगवून ऑक्टोबरपर्यंत न्यायचा प्रयत्न मी दोनदा केला. एकदा पांढरी माशी लागली, एकदा झाडं नुसती उंच वाढली. उपटून टाका, पुढच्या हंगामाला नवं बी घ्या.