रक्ताचं नातं नसताना धर्मबांधवांमध्ये खरंच कुटुंब मिळतं का?

मिळतं, पण नुसतं प्रार्थनेला जाऊन नाही मिळत. मी वर्षभर शेवटच्या ओळीत बसायचो आणि संपलं की सगळ्यांच्या आधी बाहेर, मग एकटं वाटणारच ना. फरक पडला तो सतरंज्या गुंडाळायला थांबायला लागलो तेव्हा, एक टोक माझ्या हातात आणि दुसरं एका वयस्कर काकांच्या, जेवलास का एवढंच विचारायचे, पण मी तापाने दोन आठवडे गेलो नाही तर तेच दारात उभे.

आणि हे काही आजचं नाही. ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेत आलेल्या मुसलमानांची मुहम्मद पैगंबरांनी तिथल्या लोकांशी भाऊ-भाऊ म्हणून जोडी लावून दिली होती, १६९९ ला पंजाबात आनंदपूरला शिखांचे गुरू गोविंदसिंग यांच्याकडून वेगवेगळ्या जातींच्या पाच जणांना एकच नाव मिळालं, सिंह. म्हणजे नातं ठरवून जोडता येतं, फक्त ते निभवायला लागतं.

तुम्ही एखादं छोटं काम अंगावर घ्या, दर आठवड्याला तेच, म्हणजे लोक तुमची वाट बघतील. फक्त घरच्यांशी संबंध तोड असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ निघा.