जुना बेकर बसवण्याआधी

मित्रा, तुझ्या मर्सिडीज डब्ल्यू १२४ साठी ओरिजिनल बेकर कार रेडिओ शोधून काढलास, फार बरं केलंस. त्या डॅशबोर्डला तोच शोभतो. पण लगेच बसवू नकोस. आधी विकणाऱ्याकडून कोड कार्ड (रेडिओ उघडायचा कोड लिहिलेलं कार्ड) मागून घे. बॅटरीचा सप्लाय तुटला की यातले बरेच सेट कोड मागतात, आणि तो नसेल तर हातात नुसता डबा उरतो.

खरी मेहनत मागच्या वायरिंगची. आफ्टरमार्केट म्हणजे बाहेरचा सेट बसवताना कोणीतरी ओरिजिनल कपलर (वायरी जोडणारा प्लग) कापलेला असतोच. माझ्या गाडीत वायरी पिळून काळी टेप गुंडाळली होती, तीही उन्हाने चिकट होऊन सुटलेली. तुझ्याकडे तसंच असेल तर नवा आयएसओ (कार रेडिओचा स्टँडर्ड) कपलर सोल्डर करून लाव, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घाल. स्टँडर्डप्रमाणे काळ्या कपलरमध्ये ४ नंबरला कायमचा १२ व्होल्ट, ७ नंबरला किल्ली फिरवल्यावरच येणारा, ८ नंबरला अर्थ. तरी रंगांवर विसंबू नकोस, प्रत्येक वायरीला मल्टिमीटर लाव. ४ आणि ७ उलटे जोडलेस तर किल्ली काढताच साठवलेली स्टेशनं पुसली जातात.

स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला मुळीच जोडू नकोस, आउटपुट आयसी (स्पीकर चालवणारी चिप) जळू शकतो. फ्यूज मूळ अँपिअरचाच घाल.