फेरारीच्या नावातला आकडा कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की २५०, ३०८, ४८८ हे आकडे फेरारी कशावरून ठरवते आणि इतर कंपन्याही स्पोर्ट्स कारची नावं अशीच ठरवतात का.

फेरारीला एकच सूत्र लावू नका, फसाल. जुना हिशेब एका सिलिंडरच्या सीसीचा आहे. २५० जीटीओचं इंजिन जवळपास ३ लिटरचं आणि सिलिंडर १२, म्हणून ढोबळमानाने ३००० भागिले १२, म्हणजे २५०. फेरारीच्या डिनो या गाड्यांपासून दुसरा हिशेब आला: पहिले दोन आकडे लिटरचे, शेवटचा सिलिंडरचा. डिनो २४६ म्हणजे २.४ लिटर, ६ सिलिंडर. ३०८ आणि ४५८ याच घरातल्या. पण ४८८ अशी वाचलीत तर इंजिन ४.८ लिटरचं ठरेल, आणि ते साफ चूक आहे. ते टर्बो इंजिन ३९०२ सीसीचं आहे. ८ ने भागा, ४८८ मिळेल. म्हणजे जुना हिशेब परत आला! एफ३५५ मधला शेवटचा ५ तर प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा, आणि ८१२ म्हणजे ८०० अश्वशक्ती, १२ सिलिंडर. त्यामुळे आधी सीसी आणि सिलिंडर शोधून भागाकार करा, नाही जुळला तर लिटर-सिलिंडर लावून बघा.

पोर्शचे आकडे मुळात कंपनीतल्या प्रकल्पांचे क्रमांक. १९६३ साली फ्रँकफर्टला दाखवलेली गाडी ९०१ होती. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये पूजो या फ्रेंच कार कंपनीचा हक्क होता. त्यांनी हरकत घेतली आणि १९६४ मध्ये शून्याचा एक झाला. आज जगभर ओळखला जाणारा ९११ हा आकडा असा तडजोडीतून आला, हे मला फार विलक्षण वाटतं.

फोर्ड जीटी४० मधले ४० म्हणजे गाडीची इंचांतली उंची. पुढे २००० नंतर फोर्डने तशीच गाडी नव्याने काढली तेव्हा त्या नावाचा हक्क दुसऱ्याच कंपनीकडे होता, म्हणून नुसतं ‘जीटी’.

म्हणूनच नाव सुचलं की पहिलं काम ट्रेडमार्क तपासण्याचं, आणि तेही जिथे जिथे गाडी विकायची त्या प्रत्येक देशात. ट्रेडमार्कची नोंदणी वस्तू-सेवांच्या वर्गांनुसार होते; वाहनं वर्ग १२ मध्ये येतात, पण तेवढाच वर्ग पाहून भागत नाही. महिंद्राची ‘बीई ६ई’ स्पोर्ट्स कार नव्हे, पण उदाहरण चपखल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आली, ‘६ई’ हा आपला विमानांचा संकेत आहे म्हणून इंडिगो दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबरमध्येच गाडीचं नाव ‘बीई ६’ झालं.