गढूळपणा विरघळत नाही, बसतो

शाळेसाठी विज्ञानाचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने एक वाक्य पाठवले आहे: ‘पाण्यात मीठ घातल्यावर क्षाराचे आयन चिकणमातीच्या कलील कणांभोवती दुहेरी थर तयार करतात व त्यामुळे पाण्याचा गढूळपणा विरघळतो.’ त्यांचे प्रश्न तीन. ‘कलील’ की ‘कलिल’? ‘दुहेरी थर’ याहून बरा शब्द आहे का? आणि ‘आयन’ मराठी मानायचा की इंग्रजी?

जे विचारायला हवे होते ते त्यांनी विचारलेच नाही. गढूळपणा विरघळतो? विरघळते ती साखर, विरघळते ते मीठ. हल्ली ‘तुरटीमुळे पाण्यातली माती विरघळते’ असे जिकडेतिकडे ऐकू येते आणि दर वेळी माझे दात शिवशिवतात. माती विरघळली असती तर तळाशी साका कशाचा राहिला? मराठीत यासाठी ‘निवळणे’ असा नेमका शब्द असताना हे ‘विरघळणे’ कुठून आले कोण जाणे.

आमच्या लहानपणी पावसाळ्यात विहिरीचे पाणी चहासारखे यायचे. आजी तांब्याच्या हंड्यात हात घालून तुरटीचा खडा पाण्यात गोल फिरवायची. मोजून सात-आठ फेरे. मग हंड्यावर फडके टाकायचे आणि कुणी हंड्याला धक्का लावला की ओरडा खायचा: ‘अरे, बसू दे की जरा!’ फडक्याखाली डोकावले तर पाण्यात बारीक पुंजके दिसायचे, फाटलेल्या दुधासारखे, हळूहळू खाली उतरणारे. तासा-दीड तासाने वर निवळशंख पाणी आणि तळाला साका. त्या ओरड्यातले ‘बसू दे’ लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

आता कलिल, म्हणजे पाण्यात न विरघळता आणि न बसता तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे मिश्रण. दोन्ही इकार ऱ्हस्व, विषय संपला. शब्द संस्कृत आहे आणि अमरकोशात ‘कलिलं गहनं समे’ असा नोंदलेला आहे. १८६१ साली थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने ‘कोला’, म्हणजे सरस, या ग्रीक शब्दावरून ‘कोलॉइड’ हे नाव पाडले. त्याचा सरळसोट तर्जुमा म्हणून ‘श्लेषाभ’ असाही एक शब्द चालवून पाहिला गेला. चालला नाही, बरेच झाले. गढूळ पाणी काही सरसासारखे नसते. ‘कलिल’ ज्याला सुचला त्याने मात्र कमाल केली. कानाला कोलॉइडच्या जवळ आणि अर्थाने कोलॉइडच्या पुढे.

पुढे कसा, ते सांगतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बावन्नावा श्लोक आहे: ‘यदा ते मोहकलिलं बुद्धिर्व्यतितरिष्यति’, म्हणजे तुझी बुद्धी जेव्हा मोहाचे कलिल पार करील. या ‘कलिला’वरून भाष्यकारांत दोन तट आहेत. श्रीधरस्वामी अमरकोशाच्या वाटेने जाऊन ‘गहन’ म्हणतात, म्हणजे मोहाचे रान. शंकराचार्य म्हणतात ‘कालुष्य’, म्हणजे गढूळपणा. मराठी भाषांतरकार बहुधा मधली वाट धरून ‘मोहरूपी चिखल’ लिहितात आणि मोकळे होतात. मी आचार्यांच्या बाजूचा. का, तर तेरा श्लोक पुढे जाऊन पाहा: ‘प्रसन्नचेतसो ह्याशु बुद्धिः पर्यवतिष्ठते’, म्हणजे ज्याचे चित्त प्रसन्न त्याची बुद्धी लवकर स्थिर होते.

‘प्रसन्न’ म्हटले की आपल्याला हसरा चेहरा, उदबत्तीचा वास आणि सकाळचा रेडिओ आठवतो. शब्द फोडून पाहा. प्र अधिक सद्, म्हणजे बसणे. ‘सन्न’ म्हणजे बसलेला. ज्यातला गाळ खाली बसला ते पाणी प्रसन्न. संस्कृतात प्रसन्न पाणी म्हणजे निवळलेले पाणी, हा तिथला रोजच्या वापरातला अर्थ आहे. मनाची प्रसन्नता ही त्या पाण्यावरून घेतलेली उसनवारी. प्रसादही तोच, आधी निवळपणा, मग कृपा, आणि फार उशिरा शिरा. इंग्रजीत गाळाला ‘सेडिमेंट’ म्हणतात, तो लॅटिन ‘सेदेरे’ म्हणजे बसणे यावरून. हे ‘सेदेरे’ आणि आपला ‘सद्’ एकाच घराण्यातले. म्हणजे प्रसन्न हा शब्द आणि सेडिमेंट हा शब्द चुलतभाऊ आहेत! आजीचे ‘बसू दे’ हा त्याच घराण्यातल्या धातूचा मराठी अर्थ.

आता तेरा श्लोकांचे अंतर पुन्हा मोजा. एका टोकाला कलिल, दुसऱ्या टोकाला प्रसन्न, मध्ये ‘स्थास्यति निश्चला’, म्हणजे हंडा हलवू नका. माझे म्हणणे असे की हा सगळा तुकडा पाणी निवळण्याचे रूपक मनात धरून रचलेला आहे. यावर एका संस्कृतज्ञ स्नेह्यांनी मला चारचौघांत सुनावले की ‘व्यतितरिष्यति’ म्हणजे तरून जाईल, आणि गढूळपणा तरून जायचा नसतो, रान किंवा दलदल ओलांडायची असते. आक्षेप बरोबर आहे. तरी मी हटत नाही. तरायला पाणीच लागते, रान कुणी तरत नाही. आणि श्वेताश्वतर उपनिषदात ‘सूक्ष्मातिसूक्ष्मं कलिलस्य मध्ये’ असे आहे, त्याचे काय करायचे? कलिलाच्या मध्ये सूक्ष्माहून सूक्ष्म! ऋषींना मातीचे कण दिसत होते असा दावा मी करत नाही, तसले दावे करणारे पुष्कळ आहेत. पण रसायनशास्त्राने हा शब्द उचलला तेव्हा त्याच्याबरोबर हे सगळे गोत आले, एवढे तर मान्य करा.

पाणी निवळण्याची क्रिया जुन्या लोकांना किती परिचयाची होती याला मनुस्मृतीची साक्ष आहे: ‘फलं कतकवृक्षस्य यद्यप्यम्बुप्रसादकम् । न नामग्रहणादेव तस्य वारि प्रसीदति ॥’ कतकाचे फळ पाणी निवळवते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. ‘प्रसादकम्’ आणि ‘प्रसीदति’, पुन्हा तेच बसणे. हा कतक म्हणजे आपली निवळी. तिची बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासायची. कुठे हिलाच निर्मळी म्हणतात.

यावरून ‘निवळणे’चा वाद. मी ‘निर्मल’वरून ‘निवळ’ लावतो. कडक सोवळ्यातले व्युत्पत्तिवाले म्हणतात, जमणार नाही. एकट्या ‘म’चा ‘व’ होतो, आमलकाचा आवळा, श्यामलचा सावळा, कोमलचा कोवळा. पण ‘र्म’चा ‘म’ राहतो, कर्माचे काम, घर्माचा घाम, चर्माचे चामडे. म्हणून निर्मलचे ‘निमळ’ व्हायला हवे होते, सबब ‘निवळणे’ हे ‘निवणे’चे, म्हणजे थंड होण्याचे, भावंड. नियम मला पाठ आहे. पण चहा निवतो, तेव्हा तो निवळतो का? आणि एकाच फळाला निवळी आणि निर्मळी ही दोन नावे कशी पडली? नियम शब्दांसाठी असतात, शब्द नियमांसाठी नसतात.

असो. आयन राहिला, म्हणजे विद्युत प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट.

हा शब्द मायकेल फॅरेडेने १८३४ साली विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या पंडिताला विचारून घेतला. ग्रीकमध्ये ‘इऑन’ म्हणजे जाणारा. विजेच्या ओढीने पाण्यातून चालत निघतो तो. ग्रीकमधला हा जाण्याचा धातू आणि संस्कृत ‘इ’ (एति, म्हणजे जातो) सख्खे नातेवाईक, आणि त्या ‘इ’वरूनच ‘अयन’, उत्तरायणातले. मग मराठी की इंग्रजी? खुशाल मराठी समजा, घरचाच आहे. गंमत म्हणजे याच फॅरेडेने १८५७ साली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे माणकासारखे लाल द्रावण केले आणि त्यात मीठ टाकल्यावर ते निळे पडते हे पाहिले. शब्द आणला त्याच माणसाने त्या शब्दाची करामतही पाहिली. लाल रंग होता सुट्या कणांचा, निळा होता एकमेकांना बिलगलेल्या कणांचा.

आणि इथेच वाचकांच्या वाक्यातला खरा घोटाळा आहे. तो भाषेचा वाटतो, पण विज्ञानाचा आहे. मीठ ‘दुहेरी थर तयार’ करत नाही. तो आधीपासून असतो. पाण्यातल्या चिकणमातीच्या कणावर ऋण प्रभार असतो, म्हणून त्याच्या आसपास धन आयन जमतात, प्रतिआयन म्हणा. पण ते कणाला चिकटून स्वस्थ बसत नाहीत. उष्णतेमुळे त्यांची सतत पळापळ चाललेली. ओढ आत, पळ बाहेर. म्हणून कणापाशी दाटी आणि लांब जावे तसे विरळ होत जाणारे. याला थर कसे म्हणायचे? थर म्हणजे दहीहंडीचा, सायीचा, धुळीचा. त्याला कड असते, वरचा कुठे संपला ते दाखवता येते.

थराची ही चूक आपली नाही, जर्मन आहे. हेल्महोल्ट्झने १८५३ साली कल्पना केली ती समोरासमोर दोन पत्रे ठेवल्यासारखी, एक कणाचा, एक आयनांचा. तिथे थर शोभतो. पुढे गुई (१९१०) आणि चॅपमन (१९१३) यांनी ते पत्रे मोडून विरळ होत जाणारा घोळका मांडला, आणि स्टर्नने १९२४ साली अगदी जवळचे काही आयन चिकटलेले असतात अशी तडजोड केली. कल्पना बदलली, नाव तेच राहिले. आता आपण ते डोळे मिटून मराठीत आणतो आहोत.

माझा शब्द: गराडा. पुढाऱ्याभोवती कार्यकर्त्यांचा पडतो तो. जवळ रेटारेटी, मग सैल, मग कोण गराड्यात आणि कोण नुसते बघायला आले ते सांगता येत नाही. दोन पुढारी रस्त्यात समोरासमोर आले तर गराडे आधी भिडतात, पुढाऱ्यांची गाठ पडतच नाही. मातीचे कण दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतात ते याच कारणाने. जवळ आले की गराडे एकमेकांना रेटतात.

मीठ टाकले की गराडा आवळतो, एवढेच होते. लिटरभर पाण्यात जेमतेम ५८ मिलिग्रॅम मीठ असेल तर गराड्याची जाडी साधारण १० नॅनोमीटर, ५.८ ग्रॅम असेल तर १ नॅनोमीटर, आणि समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) गराडा असा अंगालगत आला की कण एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांची आपापसातली ओढ वरचढ होते. ते बिलगतात, पुंजके होतात, जड होऊन बसतात. नदी गोड्या पाण्यातून वाहून आणलेला बारीक गाळ खाडीच्या तोंडाशी टाकते, त्यात मंद झालेल्या पाण्याइतकाच खाऱ्या पाण्याचाही हात असतो.

मग आजीने मीठ न टाकता तुरटी का फिरवली? कारण आयनाचा प्रभार वाढला की त्याचा जोर बेसुमार वाढतो. शुल्झने हे १८८२ साली दाखवले. आर्सेनिक सल्फाइडच्या कलिलात पुंजके पाडायला लिटरमागे सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले मीठ, ५१ मिलिमोल (मिलिमोल हे कणांच्या संख्येवरून ठरणारे माप) लागते, कॅल्शियम क्लोराइड ०.६५ आणि अॅल्युमिनियम क्लोराइड ०.०९३. तुरटीत अॅल्युमिनियम आहे. शिवाय पाण्यात त्याचा बुळबुळीत हायड्रॉक्साइड होतो आणि तो कणांना झाडून खाली नेतो, हंड्यात दिसायचे ते पुंजके बरेचसे त्याचेच.

खात्री करायची असेल तर काळ्या मातीची चिमूट दोन पेल्यांत कालवा, एकात चमचाभर मीठ घाला आणि रात्रभर ठेवा. पाणी पावसाचे घ्या. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात आधीच इतका कॅल्शियम असतो की दोन्ही पेले निवळतात आणि मुलांपुढे तोंडघशी पडायला होते. माझे झाले आहे.

‘क्षार’ हा शब्द तुमच्या वाक्यातून काढून टाका. मराठी पाठ्यपुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून होणारा पदार्थ, हिंदीत क्षार म्हणजे आम्लाचा वैरी, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये क्षार म्हणजे गीझर खराब करणारे काहीही. मिठाला मीठ म्हणा.

तर वाक्य असे करा: ‘चिकणमातीच्या कलिल कणांभोवती धन आयनांचा गराडा असतो. पाण्यात मीठ घातले की तो आवळतो, कण एकमेकांना बिलगून खाली बसतात आणि पाणी निवळते.’ संपादकांनी ‘गराडा’वर लाल रेघ मारली तर ‘आयनमेघ’ लिहा, मी भांडणार नाही. ‘विरघळतो’ मात्र परत आला तर भांडेन.