मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणतंय, नवीन प्रॉडक्ट की (ॲक्टिव्हेशनचा कोड) घ्यावी लागेल का?

लगेच घेऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तुम्ही बोर्ड बदलून आणलात, आणि डिजिटल लायसन्स पीसीच्या हार्डवेअरशीच बांधलेलं असतं. त्यामुळे विंडोजला हा पीसी नवा वाटतोय. लायसन्स रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं असेल आणि बोर्ड बदलण्याआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल, तर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडून ट्रबलशूट दाबा आणि ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय निवडा. पीसीबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मात्र सहसा जुन्या बोर्डाबरोबरच जातं.

व्हॉट्सॲपवर तीन-चारशे रुपयांत मिळणारी 25 अक्षरी की कृपा करून घेऊ नका. बऱ्याचदा ती कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्सची (अनेक पीसींसाठी एकत्र घेतलेल्या परवान्याची) असते आणि कधीही ब्लॉक होते. दादरला माझ्या मावसभावाच्या दुकानात हेच झालं: ऐन दिवाळीच्या गर्दीत बिलिंगच्या स्क्रीनवर, उजव्या कोपऱ्यात, ‘ॲक्टिव्हेट करा’ सांगणारा तो करडा वॉटरमार्क परत उगवला.