झिजलेली ब्रेक डिस्क

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षे जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या डिस्कला काठ आला असून ब्रेक लावताना लिव्हर थरथरते. डिस्क लेथवर घासून घ्यावी काय?

उत्तर : शक्यतो घासू नये. ही डिस्क मुळातच जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर जाड असते आणि किमान जाडीचा आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. झिजलेल्या पट्ट्यात मायक्रोमीटरने (सूक्ष्म जाडी मोजायच्या उपकरणाने) अनेक ठिकाणी मोजावे, कारण साध्या व्हर्नियरचे (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीचे) जबडे न झिजलेल्या काठावर टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड भासते. मापांत फरक आढळल्यास थरथरीचे कारण बहुधा तेच; माप किमान जाडीखाली गेले असल्यास डिस्क बदलावीच लागेल. सोबत पॅडही नवे घ्यावेत, ही काटकसरीची जागा नव्हे.